समवयस्कांची साक्ष

पुस्तकाची शिफारस करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ग्रंथालयांच्या इतिहासात दीर्घकाळ कोणी विचारलाच नाही. कारण तो ग्रंथपालाचा, शिक्षकाचा आणि पालकाचा, हे सर्वांनी गृहीतच धरले होते. बारा ते अठरा वर्षांच्या दरम्यानचा वाचक मात्र या त्रयीच्या शिफारशीकडे काहीशा संशयाने पाहतो. जे पुस्तक आपल्या हिताचे म्हणून हाती दिले जाते त्यात उपदेश दडलेला असणार, अशी त्याची अटकळ असते आणि ती पुष्कळदा खरीही ठरते. तेच पुस्तक वर्गातल्या मित्राने, सुरुवात रटाळ आहे पण पुढे हातचे सोडवत नाही, एवढेच सांगून पुढे केले, तर त्याच्याविषयी कुतूहल उत्पन्न होते. वडीलधाऱ्यांचा अभिप्राय हा निवाडा असतो. समवयस्काचा अभिप्राय ही साक्ष असते, आणि या वयाला निवाड्यापेक्षा साक्ष अधिक विश्वसनीय वाटते.

हे मर्म प्रथम ओळखून त्यावर पद्धतशीर काम उभारले ते अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात मेबल विल्यम्स यांनी पहिल्या महायुद्धानंतर बालविभागातून बाहेर पडलेल्या मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था केली आणि १९२९ पासून त्यांच्यासाठी निवडक पुस्तकांची वार्षिक यादी निघू लागली. यादी साक्षेपाने केलेली होती, परंतु ती थोरांनी केलेली होती. पुढे १९४१ साली त्याच ग्रंथालयाची नॅथन स्ट्रॉस शाखा मुलांसाठी व तरुणांसाठी उघडली, तेव्हा तिथे मार्गारेट स्कॉगिन यांनी वाचकांनाच लिहिते आणि बोलते केले. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्यांनी नभोवाणीवर एक कार्यक्रम सुरू केला, त्यात शाळकरी मुलेमुली नव्या पुस्तकांची उघड चिकित्सा करीत. ज्यांच्यासाठी पुस्तके लिहिली जातात त्यांचेही काही मत असू शकते, ही गोष्ट त्या निमित्ताने घरोघरी ऐकू गेली.

याचा अर्थ ग्रंथपालाने आपली जबाबदारी झटकावी असा मुळीच नव्हे. बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट ग्रंथालयात १९३२ पासून तरुण वाचकांसाठी झटलेल्या मार्गारेट एडवर्ड्स आपल्या हाताखालच्या साहाय्यकांना तीनशे पुस्तके वाचून त्यांवर चर्चा करण्याची सक्त ताकीद देत, आणि ग्रंथालयाकडे न फिरकणाऱ्या वस्त्यांत त्यांनी घोडागाडीतून पुस्तके नेली. ज्याने स्वतः वाचले आहे त्यालाच मुलांचे ऐकून घेता येते. न वाचलेला ग्रंथपाल फक्त नोंदवहीत नोंद करू शकतो.

साक्षीला असे महत्त्व येण्यास आणखी एक कारण घडले. आपल्या वयाच्या मुलांचे खरे जगणे पुस्तकांत सापडत नाही, या असंतोषातून ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथील एस. ई. हिंटन या मुलीने शाळेत असतानाच एक कादंबरी लिहिली. 'द आउटसायडर्स' ही ती कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली, आणि ज्याला आज 'यंग ॲडल्ट' म्हणतात त्या साहित्याला तिने नवे वळण दिले. जिथे वाचकच लेखक होऊ शकतो, तिथे त्याला परीक्षक होण्याची मुभा नाकारणे विसंगत ठरले असते. २००३ साली अमेरिकन ग्रंथालय संघाच्या युवा विभागाने 'टीन्स टॉप टेन' ही यादी सुरू केली. तिच्यासाठी पुस्तके सुचवतात ती ग्रंथालयांतील किशोरांची वाचकमंडळे, आणि मत देतात तीही बारा ते अठरा वर्षांची मुलेच.

मुले स्वतः लिहितात त्या शिफारशींचे शिल्प न्याहाळण्यासारखे आहे. कपाटाच्या फळीला लावलेल्या छोट्या पत्रिकेवर चार ओळींचीच जागा असल्यामुळे कथासार सांगण्यात ती खर्ची घालता येत नाही. पुस्तक कोणाला आवडेल, कुठे कंटाळा येतो, शेवट पटतो की नाही, एवढेच सांगता येते, आणि वाचकाला हवे असते तेही एवढेच. मात्र या पद्धतीत एक धोका आहे. समवयस्कांची रुची साथीसारखी पसरते आणि सगळे त्याच पाच-दहा पुस्तकांभोवती घोटाळू लागतात. अशा वेळी गाजलेल्या पुस्तकाशेजारी त्याच जातीचे, पण अप्रसिद्ध पुस्तक ठेवणे आणि ते एखाद्या चोखंदळ मुलाच्या हाती देऊन त्याची साक्ष मिळवणे, हे ग्रंथपालाचे कौशल्य.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगते आणि दुसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे. आपल्याकडच्या किशोरांच्या बाबतीत मात्र ही सूत्रे अपुरीच उतरली आहेत. महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीच केला, आणि पुष्कळ शासनमान्य वाचनालयांत बालविभागही आहेत, परंतु भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून संपवलेला मुलगा त्या विभागातून उठला की एकदम थोरांच्या कादंबऱ्यांसमोर जाऊन उभा राहतो, आणि मधल्या वाटेवर त्याला कोणी सोबती भेटत नाही. एक वेगळे कपाट, एक अभिप्रायवही आणि पुस्तकखरेदीच्या समितीत दोन किशोर सभासद, एवढ्या तजविजीला मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. कठीण आहे ते पुढचे: ज्या ग्रंथाला समितीने आदराने मानाचे स्थान दिले, तो चौदा वर्षांच्या वाचकाने वहीत कंटाळवाणा ठरवला, तर ती नोंद न खोडता तशीच राहू देणे. ते ज्या वाचनालयाला जमेल, त्याच्या इतर शिफारशींवरही मुले विश्वास ठेवू लागतील.