बांध फुटतो तिथे

आमच्या नगरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळचं पहिलं काम ग्रॉसिंगचं. ट्रेवर फॉर्मालिनमधून काढलेला गालाचा तुकडा आणि मानेच्या लसीकागाठी. पेशंट चाळिशीचा, पंधरा वर्षं तंबाखू-सुपारीचा मावा खाणारा. तुकड्याच्या कडांना शाई लावते आणि काप घ्यायला लागते. निरोगी स्नायू सुरीखाली मऊ जातो. कर्करोगाची गाठ पांढुरकी, टणक, किंचित रवाळ. डोळ्यांआधी ती हाताला कळते.

अल्कोहोल, झायलिन आणि मेण असा प्रवास झाला की ब्लॉक मायक्रोटोमवर चढतो. त्याचा 4 मायक्रॉनचा काप, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले चार, कोमट पाण्यावर सायीसारखा तरंगतो. तो अलगद काचेवर घेतला की रंग द्यायचा: केंद्रकं जांभळी, बाकी सगळं गुलाबी.

गालाच्या अस्तराखाली एक अगदी पातळ पटल असतं. मी शेतकऱ्याच्या घरातली, मला तो बांधच वाटतो. पेशी कितीही बिघडोत, बांधाच्या अलीकडे आहेत तोवर त्यांना रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्यांची वाट मिळालेली नसते. या स्लाइडमध्ये बांध फुटलाय. एकमेकींना धरून ठेवणारी प्रथिनं कमी झालेल्या पेशी विकरं सोडून पटल विरघळवतात आणि आत घुसतात. वरचे पुंजके मोठे आहेत, मध्ये केरॅटिनची कांद्यासारखी वर्तुळं. पण जसजशी खाली जाते तसतसे ते लहान होत जातात. शेवटच्या कडेला तीन-चार पेशींचेच कण उरतात आणि त्यातल्या काहींनी एका मज्जातंतूला वेढलंय. माझा सर्वांत जास्त वेळ याच कडेवर जातो, कारण पुढे सरकणारी फौज इथे असते. खोली मोजली: 7 मिलिमीटर. 5 च्या आत असती तर टप्पा खालचा ठरू शकला असता. 10 च्या पुढे तो आणखी चढतो.

मग मानेच्या गाठी. एकीत, वेष्टणाच्या अगदी आत, जिथे लसीका प्रथम येते तिथेच, त्याच पेशींचं छोटं बेट. म्हणजे गालातून निघालेल्या पेशी मानेत रुजल्या. पुढे रक्तात शिरणाऱ्या बहुतेक पेशी मात्र वाटेतच मरतात; ज्यांना मानवेल अशी जागा मिळते त्याच वाढतात. लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये हे बी आणि जमिनीच्या उपमेने सांगितलं होतं. आपल्या जिरायती भागात ते कुणाला समजावून सांगायला नको.

राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली. मावा मात्र अजून घोटला जातोय, आणि माझ्या ट्रेवर येणारी माणसं तरुण आहेत. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्वीसारखं उघडेना, तर दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.