हुरडा, वाईन आणि फाशांचा डाव

जानेवारीत आम्ही चार शाळूसोबती राणीसावरगावला आखाड्यावर दोन दिवस जमलो. निमित्त हुरड्याचं. एक शिक्षक, एक नाशिककडचा द्राक्षबागायतदार, एक बँकेतला आणि चौथा मी. बागायतदार मित्र येताना वाईनच्या पाच बाटल्या घेऊन आला. शिक्षकमित्राचा पंचविशीतला मुलगाही सोबत होता. त्याच्या पिशवीत रंगीबेरंगी फासे होते.

बँकेतला मित्र मात्र आधी येतच नव्हता. यकृताच्या त्रासामुळे त्याने दोन वर्षांपूर्वी दारू सोडली. फोनवर म्हणाला, "तुम्ही प्याल, मी नुसता बसून काय करू?" हा प्रश्न मी ओपीडीत नेहमी ऐकतो. दारू सोडा म्हटलं की रुग्णाला औषधांची काळजी नसते. 'मग चारचौघांत बसायचं कसं?' ही असते. म्हणून आम्ही ठरवलं, की वाईनची चव दुपारी घ्यायची आणि तो संध्याकाळी येण्याआधी बाटल्या नजरेआड करायच्या. दारू सोडलेल्या माणसासमोर ग्लास ठेवून त्याच्या निश्चयाची परीक्षा घेऊ नये.

महाराष्ट्रात २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं आणि त्यानंतर नाशिक परिसरात वाइनरी वाढल्या. आता तिथे चव घेण्याचे कार्यक्रम पर्यटनाचा भाग झाले आहेत. बागायतदाराने आम्हाला रीत शिकवली. ग्लासात थोडीशीच ओतायची, रंग पाहायचा, ग्लास फिरवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. आपण जिला 'चव' म्हणतो, तिचा मोठा भाग खरं तर वास असतो. तोंडातला गंध घशामागून नाकात चढतो. सर्दीत वरण बेचव लागतं ते यामुळेच. डोळेही चवीत लुडबुड करतात. २००१ साली फ्रेंच संशोधकांनी पांढऱ्या वाईनला चव नसलेला लाल रंग दिला, तर वाईनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं!

जाणकार परीक्षक घोट गिळत नाहीत, पिकदाणीत थुंकतात. आम्हीही बादली ठेवली होती, पण पहिल्या दोन घोटांनंतर तिची आठवण कुणाला राहिली नाही. हिशेब करा. पाच वाईन प्रत्येकी ३० मिलिलिटर, म्हणजे १५० मिलिलिटर. त्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला साधारण ७-८ ग्रॅमच हाताळतं. म्हणजे 'नुसती चव' निस्तरायला दोन तास. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर तो गुन्हा आहे. मित्राला आणायला गंगाखेड स्टेशनवर गेला तो थेंबही न घेतलेला मुलगा.

"पण लाल वाईन हृदयाला चांगली ना?" बागायतदाराने विचारलंच. हा समज १९९० च्या दशकात पसरला. थोडी पिणाऱ्यांना अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा हृदयविकार कमी, असं काही पाहण्यांत दिसलं होतं. पण न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते. शिवाय बेताने पिणारे पुष्कळदा सुखवस्तू, चांगलं खाणारे, फिरायला जाणारे. फायदा वाईनचा की राहणीमानाचा, हे वेगळं काढणं अवघड. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेझव्हेरॅट्रॉलचा गाजावाजा होतो, ते लिटरभर वाईनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असतं.

दुसरी बाजू मात्र पक्की आहे. शरीरात अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड बनतं आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक ठरवलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांचा स्तन, या सात ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. बाटली द्राक्षाची की उसाच्या मळीची, याने फरक पडत नाही. २०२३ च्या जानेवारीत संघटनेने स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं मद्याचं प्रमाणच नाही. मी मित्राला एवढंच म्हणालो, "आवडते म्हणून कधीतरी घोटभर घे. औषध म्हणून घेऊ नकोस."

संध्याकाळी चौथा गडी आला आणि मुलाने फासे काढले. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला, त्याच जातीचा हा डाव. पट, सोंगट्या नसल्या तरी चालतात. कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा पुरतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. 'किल्ल्याचा दरवाजा बंद आहे, काय कराल?' तुम्ही बेत सांगायचा, तो साधला की फसला हे फासा ठरवणार. ज्या भागात भारुडातली सोंगं पाहत आम्ही वाढलो, तिथे हे फार परकं वाटलं नाही. आमचे गुरुजी चोर झाले. बँकवाला वैद्य झाला आणि दोनदा माझा जीव वाचवला! जेवण लांबलं, शेकोटी विझत आली, चार तास गेले. बाटल्यांची आठवण कुणालाच झाली नाही. दुसऱ्या दिवशी हुरडा खाता खाता सूत्रधारपण त्यानेच मागून घेतलं.

ही केवळ करमणूक नव्हे. १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती २०१० साली एकत्र तपासली गेली. ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्के जास्त दिसली. अर्थात इथेही कार्यकारण तपासून घ्यावं लागतं. आजारी माणूस आपोआप एकटा पडतो. तरी आधीची प्रकृती जमेस धरूनही हा संबंध टिकला. बैठकीत जे हितकारक असतं, ते बहुधा ग्लासात नसून ग्लासाभोवतीच्या माणसांत असतं.

म्हणून दारू सोडू पाहणाऱ्याला नुसतं 'सोड' म्हणू नका, त्याला बसायला दुसरी बैठक द्या. पत्ते, कॅरम, भजन, फाशांचा डाव, काहीही चालेल. 'एकाने काय होतंय' असा आग्रह तर कधीच नको. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकदम बंद करू नये. हातापायांना कंप, भास, प्रसंगी झटके येऊ शकतात. सरकारी रुग्णालयात यावर उपचार होतात. १४४४६ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.

रविवारी गंगाखेडला गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, "पुढचा डाव माझ्याकडे. गोष्ट मी लिहून ठेवतो."