वन्स मोअरचा कौल

दसरा आटोपतो, धान पिवळं पडू लागतं, आणि गावोगावच्या मंडळांची पोरं वडशाच्या वाटेला लागतात. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचं हे गाव कित्येक दशकं गडचिरोली जिल्ह्याचं एकमेव रेल्वे स्थानक होतं. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. हंगामात दुकानांच्या माथ्यावर, गल्लीच्या तोंडाशी रंगमंडळांचे फलक चढतात, नटनट्यांचे मोठाले फोटो लागतात. गावचं मंडळ येतं, तारीख मागतं, आणि पैशांची बोलणी सुरू होण्याआधी विचारतं: गायक कोण? लेडीज कोण? कॉमेडीला कोण? नाटकाची कथा काय, हे त्यानंतर.

गाणं कोण गाणार, हा प्रश्न पहिला. इथल्या रंगभूमीचं सगळं चलन त्या प्रश्नात आहे. गाण्याला मत कसं मिळतं, कोण देतं, आणि ते देण्यासाठी काय मोजतं, हे पाहायचं तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यासारखी दुसरी जागा मला महाराष्ट्रात माहीत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि भाताचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथे दंडार होती, खडी गंमत होती. पुरुषच बाईचं सोंग घेऊन नाचत, डफ-ढोलकीच्या ठेक्यावर शाहीर आणि सोंगाड्या रात्र जागवत. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं, अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्याला ‘शाकुंतल’ गाजवलं, आणि संगीत नाटकाची ती लाट पुढे या जंगलापर्यंत पोचली. पुण्या-मुंबईत ती ओसरली. इथे मात्र ती दंडारीत मिसळली आणि टिकली. नाटक रात्री दहाच्या सुमारास उघडतं आणि पहाटे संपतं. भाऊबीजेपासून होळीच्या आसपासपर्यंत, थंडीच्या कडाक्यात, उघड्या शेतात उभारलेल्या मंडपात हे चालतं. वर्तमानपत्रं कंपन्यांचा आकडा पन्नासहून अधिक देतात. २०२३ मध्ये गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीचं नाव ऐकू आलं. तोवर ती सरकारी अनुदानाची वाट न पाहता तिकिटावरच उभी होती.

तिकिटाचा हिशेब समजून घेतला पाहिजे. कंपनी नाटक ठोक रकमेला देते. जोखीम गावाच्या मंडळाची. मंडप त्यांचा, तिकीटविक्री त्यांची, तोटा झाला तर तोही त्यांचाच. नफा उरला तर तो देवळाला, शाळेला, गावच्या एखाद्या कामाला लागतो. म्हणून गायक निवडताना मंडळ आपली आवड बाजूला ठेवून पंचक्रोशीच्या कानाचा अंदाज घेतं. ब्रह्मपुरीकडे गाजलेला आवाज आपल्याकडे चालेल का? मागच्या वर्षी शेजारच्या गावाने कोणाला आणलं होतं? शंकरपट असला तर दिवसभर बैलजोड्या धावतात आणि रात्री एकाच गावात दोन-दोन, तीन-तीन मंडप उभे राहतात. प्रत्येक मंडपाचा भोंगा आपापल्या गायकाचं नाव घेत असतो. पाहुणेरावळे, लेकी-जावई, आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली माणसं मधल्या रस्त्यावर थांबतात, दोन्हीकडे कान देतात, आणि एका दारात शिरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा या नाटकांनाही झळ बसली, कारण पटाची गर्दी हाच अनेक गावांचा मतदारसंघ होता. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली आणि पट पुन्हा भरू लागले.

तिकीट हे पहिलं मत. दुसरं मत मंडपाच्या आत पडतं.

रंगमंचाच्या पुढ्यात म्युझिक पार्टी बसलेली असते. ऑर्गन, तबला, हल्ली कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. विंगेत प्रॉम्प्टर, कारण रोज वेगळ्या गावी, कधी वेगळ्या नाटकात उभं राहणाऱ्या नटाला तालमीला सवड कुठली? पदाची जागा आली की ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो, नट एक पाऊल पुढे येतो, आणि संवादांच्या वेळी चुळबुळ करणारा मंडप शांत होतो. अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, मांडीवर झोपलेलं पोर. पद संपतं. मागच्या जमिनीवरच्या बैठकीतून एक आवाज उठतो, ‘वन्स मोअर!’ मग दुसरा, मग सगळी बाजू. नट तबलजीकडे पाहतो. तबलजीला कळलेलं असतं, त्याचा हात डग्ग्यावरून हललेलाच नसतो. कथेत बाप मरणपंथाला लागलेला असो की मुलगी घर सोडून निघालेली असो, सगळं जागीच थांबतं आणि पद पुन्हा होतं. बालगंधर्वांच्या काळात पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत जे रोजचं होतं, ते आज या मंडपात रोजचं आहे.

या मताची खूण अशी की ते ऐकल्यावरच देता येतं. पुढच्या खुर्चीवरचा आणि मागच्या जमिनीवरचा, दोघांचाही आवाज सारखाच मोजला जातो. उलट मागच्यांचा जरा मोठाच असतो, कारण संख्या त्यांची.

याच्याशी जगातल्या सर्वांत मोठ्या गाण्याच्या मतदानाची तुलना करण्याचा मोह मला आवरत नाही. युरोव्हिजन ही स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे सुरू झाली. सात देश होते, परीक्षकांनी गुप्तपणे मतं दिली. १९७५ पासून प्रत्येक देश आपल्या सर्वांत आवडत्या गाण्याला १२ गुण देतो, मग १०, मग ८ ते १. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. १९९७ मध्ये पाच देशांनी फोनवरून जनतेचं मत घेऊन पाहिलं आणि लवकरच ती पद्धत सर्वत्र गेली. मग ओरड सुरू झाली की शेजारी शेजाऱ्याला मत देतो, ग्रीस सायप्रसला आणि सायप्रस ग्रीसला १२ गुण देतो, मग स्पर्धा कसली? २००९ मध्ये अंतिम फेरीत परीक्षक परत आणले, निम्मं वजन त्यांना, निम्मं जनतेला. दोघांचे कान किती वेगळे, हे पुढे उघड दिसलं. २०१६ मध्ये परीक्षकांचा पहिला क्रमांक ऑस्ट्रेलियाला, जनतेचा रशियाला, आणि दोन्हींत दुसरा असलेला युक्रेन जिंकला. २०२२ मध्ये युद्ध पेटलेलं असताना युक्रेनच्या कलुश ऑर्केस्ट्राला जनतेने ४६८ पैकी ४३९ गुण दिले. परीक्षकांच्या यादीत ते चौथे होते.

शेजाऱ्याला मत देणं हा पक्षपात, असं समजलं जातं. अर्थशास्त्रज्ञ व्हिक्टर जिन्सबर्ग आणि अब्दुल नूरी यांनी २००८ मध्ये या मतांचा अभ्यास छापला. देवाणघेवाणीपेक्षा भाषेची आणि संस्कृतीची जवळीक त्यांना अधिक बोलकी वाटली. जे कानावर पडत वाढलो ते आवडतं, इतकं ते सरळ आहे. झाडीपट्टीत राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. चंद्रपूर जिल्ह्याचा नकाशा घ्या. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली ही भाताची बाजू, आणि नाटकाची बाजूही हीच. वरोरा, राजुरा, कोरपना ही कापसाची बाजू. तिथे नाटकाचा हा हंगाम असा भरत नाही. वैनगंगा ओलांडून वडसा, आरमोरी, कुरखेड्याकडे गेलं की पुन्हा धान आणि पुन्हा नाटक. त्याच्याही पलीकडे धानोरा-कोरचीच्या बाजूला छत्तीसगढी वळणं कानावर येतात, आणि दक्षिणेला सिरोंच्यात तेलुगू. १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. प्रशासनाने केव्हाही रेघ ओढली तरी कानांची हद्द भाताच्या बांधाबरोबर चालते.

दूरचित्रवाणीच्या एसएमएस मतदानाचा न्याय मला याहून कच्चा वाटतो. २००७ च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल समोरासमोर आले, तेव्हा दोन्हीकडच्या डोंगरांतून मतांसाठी वर्गण्या निघाल्या. तमांग जिंकला. गोरखा समाजाची अस्मिता त्या मतांत होती आणि ती खरी होती, पण मत देणाऱ्याने त्या रात्रीचं गाणं ऐकलं होतं का, हे विचारायची सोय नव्हती. आपल्याकडे ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’च्या २००९ मधल्या अंतिम फेरीत पाचही मुलं पोचली. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत. कार्तिकीच्या खड्या, मोकळ्या आवाजाला महाराष्ट्राने कौल दिला आणि त्यात वारकरी कानाचा वाटा मोठा होता असं मी मानतो. त्या पाचांत झाडीपट्टीचं कोणी नव्हतं. वडशाच्या मंडपात पहाटे चारला जे आवाज वन्स मोअर घेतात, ते त्या पडद्यापर्यंत पोचत नाहीत.

परीक्षकांचं राज्यही याच मुलखात आहे, ते खंजेरी भजनाच्या स्पर्धांत. चिमूरचा १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी या परिसरात एका श्वासात आठवतात. महाराजांना त्या वेळी अटकही झाली होती. आज गुरुदेव सेवा मंडळांची जाळी खेडोपाडी आहेत, पुण्यतिथीच्या सुमारास भजनस्पर्धा लागतात, पुरुषांचे, महिलांचे, बालकांचे गट असतात. मंचासमोर टेबलाशी परीक्षक बसतात आणि सूर, ताल, उच्चार, सादरीकरण यांचे गुण मांडतात. श्रोत्यांनी कितीही टाळ्या दिल्या तरी त्या कागदावर चढत नाहीत. भजनी मंडळांची एकच काळजी असते, चिठ्ठीत पहिला नंबर निघू नये. ही काळजी निराधार नाही. बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेचा फ्लोरेस आणि जिन्सबर्ग यांनी १९९६ मध्ये अभ्यास केला, तेव्हा वादनाचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरलेला असूनही उशिरा वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळण्याकडे कल दिसला. जाणत्या परीक्षकांनाही सुरुवातीला हात राखून गुण द्यावेसे वाटतात. ब्रुसेल्सला जे घडतं ते गावच्या चावडीसमोर घडणारच.

भामरागडकडच्या माडियांच्या रेला नाचाला यांतलं काहीच लागू पडत नाही. हातात हात गुंफून कडं फिरतं, एक बाजू गाते, दुसरी उचलते. बघणारा वेगळा नाही, गाणारा वेगळा नाही, म्हणून मतही नाही. शहरात मंचावर आणून त्याला क्रमांक देतात, तेव्हा एका बाजूला प्रेक्षकांसाठी तोंड करावं लागतं आणि कडं मोडतं. हे करू नये असं माझं मत आहे.

वन्स मोअरचा कौल नेहमी शहाणाच असतो असं मी म्हणणार नाही. गेल्या काही वर्षांत नाटकाच्या मधोमध कथेशी संबंध नसलेल्या लावण्या शिरल्या, गाजलेल्या हिंदी चालींवर पदं बेतली जाऊ लागली, आणि ‘डान्स हंगामा’ नावाचा प्रकार पटाच्या रात्री नाटकासमोर मंडप टाकू लागला. तिकीट तिकडे वळतं हे खरं. एखाद्याने मोठ्याने मागितलं की इतरही मागतात हेही खरं. २००६ मध्ये मॅथ्यू साल्गानिक आणि सहकाऱ्यांनी चौदा हजारांहून अधिक श्रोत्यांवर केलेल्या प्रयोगात, इतरांनी काय निवडलं ते दिसताच गाण्यांची लोकप्रियता भलत्याच वाटांनी गेली. मंडपात तर इतरांचं मत कानात ओरडत असतं.

पण याच श्रोत्याने नवरगावच्या सदानंद बोरकरांचं ‘आत्महत्या’ उचलून धरलं. शेतकऱ्याच्या मरणावरचं नाटक, आणि समोर बसलेले शेतकरी. त्यांनी तिकीट काढलं आणि ते पाहिलं. करमणुकीलाच मत देणारा हा श्रोता असता तर त्या नाटकाचे प्रयोग लागले नसते. त्याला रडायचंही असतं, तेही सुरात, आणि त्यासाठी तो दुसऱ्या दिवशीची मजुरी अर्ध्या झोपेवर करायला तयार असतो. पैसे, रात्र आणि झोप मोजून दिलेल्या या मताला मी फोनवरच्या मतापेक्षा वरचं मानतो, आणि परीक्षकाच्या गुणांच्या खालीही ठेवत नाही.

म्हणून एक विनंती. दिवाळीनंतर नागपूरपर्यंत येणं झालं तर परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा. ब्रह्मपुरी किंवा वडसा गाठा, आज कुठे नाटक आहे ते चहाच्या टपरीवर विचारा, कोणीही सांगेल. घोंगडी सोबत घ्या आणि पुढची खुर्ची सोडून मागे जमिनीवर बसा. पद आवडलं तर मोठ्याने सांगा. तुमचा आवाज तिथे मोजला जातो.