काळी खिडकी गेली आणि प्रोग्राम मुका झाला

वरोरा-भद्रावतीच्या बाजूला लावलेल्या कॅमेरा ट्रॅपच्या कार्डांतून फोटो येतात ते ढिगाने, आणि त्यातले बरेचसे बिनकामाचे. वाऱ्याने गवत हललं, गुरं गेली, की कॅमेरा दाबला गेलाच म्हणून समजा. म्हणून आधी ‘मेगाडिटेक्टर’ नावाचं मॉडेल चालवतात. फोटोत प्राणी, माणूस की गाडी, एवढंच ते सांगतं. पण कार्ड गोळा करणाऱ्या मुलांनी पायथॉन कशाला शिकायचं? त्यांच्यासाठी पायइन्स्टॉलरने बांधलेला, डबल क्लिकने उघडणारा प्रोग्राम बरा. मागे उघडणारी काळी खिडकी पाहून लोक बिचकतात (काही जण ती बंद करतात आणि त्यासोबत प्रोग्रामही), म्हणून बांधताना ‘नोकन्सोल’ पर्याय दिला जातो.

आणि मग फोन येतो. "भाऊ, खिडकी तं उघडते, पण बटन दाबलं की काहीच होऊन नाही राहिलं." तोवर कार्ड रिकामी करता येत नाहीत आणि जंगलातले कॅमेरे थांबून राहतात.

कोड तोच, मग बदललं काय? विंडोज प्रत्येक एक्झीच्या माथ्यावर एक आकडा वाचतं: 3 असेल तर कन्सोलवाला प्रोग्राम, 2 असेल तर खिडकीवाला. 2 असला की कन्सोल मिळत नाही, आणि पायथॉनचे बोलायचे दोन्ही रस्ते, म्हणजे एसटीडीआउट आणि एसटीडीईआरआर, ‘नन’ होतात. म्हणजे खिडकी नुसती लपत नाही, लिहायची जागाच नाहीशी होते.

यातली फसवी गोष्ट म्हणजे साधा ‘प्रिंट’. समोर ‘नन’ दिसलं की तो गुपचूप परत येतो, मोडत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पण टीक्यूडीएमसारखी प्रगतीपट्टी दाखवणारी लायब्ररी थेट एसटीडीईआरआरवर ‘राइट’ करायला जाते आणि अ‍ॅट्रिब्यूटएरर येते. मेगाडिटेक्टरच्या स्क्रिप्टमध्ये टीक्यूडीएम आहेच. आता हे काम वेगळ्या थ्रेडमध्ये चालू असेल, तर थ्रेड मरतो आणि त्याची चूक छापायची तीही त्याच नसलेल्या जागी! टीकिंटरच्या बटनामागच्या फंक्शनचंही तेच. मुख्य स्क्रिप्टच सुरुवातीला पडली तर पायइन्स्टॉलर निदान एक चौकट दाखवतो; इथे तेवढंही नाही.

तपासणी कुठून सुरू करायची? तोच प्रोग्राम आधी कन्सोलसकट बांधा आणि कमांड प्रॉम्प्टमधून चालवा, म्हणजे पडला तरी मजकूर समोर राहतो. दोन्ही पडत असतील तर दोष कन्सोलचा नाही. एखादं मॉड्यूल किंवा मॉडेलची फाइल आत यायची राहिली असेल. फक्त बिनकन्सोलचा पडत असेल तर वरची गोष्ट.

उपाय म्हणून नेटवर सर्रास सांगतात, दोन्ही रस्ते ‘डेव्हनल’कडे वळवा. मला ते पटत नाही. पडणं थांबतं खरं, पण पुढची चूकही त्याच खड्ड्यात जाते. त्यापेक्षा मुख्य फाइलच्या अगदी पहिल्या ओळींत, बाकी कोणतंही इम्पोर्ट व्हायच्या आत, एसटीडीआउट-एसटीडीईआरआर ‘नन’ आहेत का बघा आणि असतील तर त्यांच्या जागी लॉगची फाइल उघडून द्या. आधीच का, तर काही लायब्ररी इम्पोर्ट होतानाच एसटीडीईआरआर पकडून ठेवतात. ही फाइल वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायची परवानगी नसते, आणि एका फाइलमध्ये बांधलेला प्रोग्राम ज्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो ते बंद होताना पुसलं जातं. एन्कोडिंग यूटीएफ-8 स्पष्ट लिहा. नाहीतर फोल्डरचं नाव ‘वरोरा रेंज’ असं देवनागरीत असलं की लॉग लिहितानाच नवी चूक उभी राहते. ‘फॉल्टहँडलर’लाही हीच फाइल द्या, टॉर्च किंवा ओपनसीव्ही आतून कोसळलं तर पायथॉनची नेहमीची चूक येत नाही, तेव्हा तोच कामाला येतो.

एक्झिफटूलसारखा दुसरा प्रोग्राम आतून चालवत असाल तर ‘विनएरर 6’, म्हणजे हँडल अवैध, असं दिसू शकतं. तिथे सबप्रोसेसला एसटीडीइन म्हणून डेव्हनल द्या. इथे मात्र डेव्हनल योग्यच, कारण वाचायचं काही नसतंच. आणि बटन दाबल्यावर खिडक्यांवर खिडक्या उघडत सुटल्या तर तो मल्टिप्रोसेसिंगचा प्रकार आहे. मुख्य भागाच्या सुरुवातीला ‘फ्रीझ सपोर्ट’ बोलावलं की थांबतो.