गळ्यातलं सोन्याचं गिधाड

गिधाड म्हटलं की आपल्याला मढं आठवतं. प्राचीन इजिप्तमध्ये मात्र दक्षिणेकडच्या राज्याची रक्षणकर्ती देवी नेखबेत याच रूपात येई, आणि तुतनखामुन राजाच्या ममीच्या गळ्यात हेच गिधाड सोन्याच्या पदकाच्या रूपात होतं. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला त्याचं थडगं सापडलं १९२२ मध्ये. ममीची गुंडाळी उलगडली १९२५ मध्ये, तेव्हा तिच्या थरांतून १४३ वस्तू निघाल्या. हे पदक त्यांतलंच, जेमतेम ११ सेंटिमीटर रुंद. सोन्याच्या बारीक कोंदणांत अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द, अकीक आणि रंगीत काच. पंजांत अनंतत्वाची कडी. अशा वस्तूंकडे राजवैभवाचा नमुना म्हणून पाहायची सवय आपल्याला संग्रहालयांनी लावली. मला ते अपुरं वाटतं. हे पदक म्हणजे आधी ताईत, मग दागिना. पुरावा त्याच्या पाठीवरच आहे. गळ्यात घातल्यावर जी बाजू छातीला टेकणार, तिथेही सोनं कोरून पिसं काढली आहेत. एवढंच नाही, तर त्या गिधाडाच्या गळ्यात राजाचं नाव असलेलं इवलंसं पदकही कोरलं आहे. केवळ दिखाव्यासाठी घडवणारा कारागीर तिथे एवढा जीव ओतत नाही.

यावर कुणी म्हणेल, पदकाला साखळी आहे, ती अडकवायची सोय आहे, राजाने ते जिवंतपणीही वापरलं असावं. असेल. पण संकट काय फक्त मेल्यावरच येतं? दुसरा आक्षेप जास्त वजनदार: सोनं महाग, म्हणून राजाला सोनं. श्रीमंतीचा भाग नाकारण्यात अर्थ नाही, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहातला १५७ वा मंत्र सोन्याच्या गिधाडावर म्हणायचा असून, दफनाच्या दिवशी ते मृताच्या गळ्याशी ठेवायचं आहे. म्हणजे पक्षी, धातू आणि जागा, तिन्ही ठरलेली. न गंजणारं सोनं म्हणजे देवांचं मांस, अशी तिथली समजूत होती. ताईत कशाचा, हे त्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं. त्याच ममीवर बहिरी ससाण्याच्या आकाराची कंठभूषणंही होती, नुसत्या पातळ पत्र्यातून कापून त्यावर पिसं उमटवलेली. श्रीमंतीच दाखवायची असती, तर ज्या राजाची सर्वांत आतली शवपेटी भरीव सोन्याची, त्याच्यासाठी पत्र्यावर कुणी भागवलं नसतं.