परसातील बारा कोंबड्या आणि अंड्यांची विक्री

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांकडे आजही शेतजमीन नाही. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक मांडले आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. वेठ गेली, परंतु ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यांच्या हाती जमीन काही आली नाही. अशा कुटुंबाला घरामागचे चार हात परस, भाताचा कोंडा आणि घरातील माणसांची उठबस एवढ्यावर कोणता जोडधंदा करता येईल, हा प्रश्न आपल्या बैठकीत नेहमी निघतो. प्रस्तुत लेखात दहा-बारा कोंबड्यांचा विचार केला आहे. हजारो पक्ष्यांची पोल्ट्री हा वेगळा धंदा आहे. त्याला भांडवल, वीज, करार आणि मोठी जोखीम लागते. त्याची येथे चर्चा नाही.

कोंबड्यांचा विषय काढला की कोणीतरी उपासक हमखास विचारतो, "पंचशील घेणाऱ्याने हा धंदा करावा काय?" हा प्रश्न टाळून पुढे जाणे बरे नव्हे. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मादक पदार्थांचा आणि विषाचा. अंडी या यादीत नाहीत. आता अंड्यात जीव असतो की नाही ते पाहू. तलंग वयात आली की कोंबड्याचा संग असो वा नसो, ती अंडी घालतेच. एक अंडे तयार होण्यास सुमारे चोवीस ते सव्वीस तास लागतात. कळपात कोंबडा नसेल तर ते अंडे अफलित असते. एकवीस दिवस रवणावर ठेवले तरी त्यातून पिलू निघणार नाही. म्हणजे विक्रीच्या कळपात कोंबडा न ठेवणे एवढे केले की पाणातिपाताची शंका अंड्यापुरती मिटते. याचा दुसरा फायदा व्यवहारी आहे. फलित अंडे उन्हाळ्यात नुसते टोपलीत राहिले तरी उष्णतेने त्यात वाढ सुरू होते आणि ते लवकर खराब होते. अफलित अंडे त्यापेक्षा जास्त टिकते.

मात्र शंका तेथेच पूर्ण संपते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जेथे पिले तयार होतात तेथे निम्मे नर निघतात, आणि दोन-तीन वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या कोंबड्यांचे काय करावयाचे हा प्रश्न उरतोच. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे, तसेच मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही केला आहे. त्या प्रकाशात प्रत्येक कुटुंबाने आपापला निर्णय घ्यावा. प्रस्तुत लेखकास असे वाटते की म्हातारी कोंबडी मरेपर्यंत परसात चरू दिली तर बारा कोंबड्यांच्या धंद्यात फार मोठी खोट येत नाही. ज्याला ती विकावयाची असेल त्याने "मी फक्त अंड्यांचा धंदा करतो" असे मात्र सांगू नये.

गमतीची गोष्ट अशी की तथागतांच्या उपदेशातच कोंबडी आली आहे. कोंबडीने आठ, दहा वा बारा अंड्यांवर नीट बसून त्यांना ऊब दिली, तर तिने इच्छा केली नाही तरी पिले कवच फोडून सुखरूप बाहेर येतातच, अशी उपमा मज्झिम व संयुत्त निकायांत साधनेसाठी दिली आहे. आजही आपली आजी कोंबडीखाली दहा-बाराच अंडी ठेवते. अडीच हजार वर्षांत हा आकडा बदललेला नाही!

आता जातीची निवड. आपली गावठी कोंबडी काटक असते, मुंगूस-घारीपासून स्वतःला जपते, खुडूक होऊन पिले वाढवते. पण वर्षाला साधारण पन्नास-साठच अंडी देते. दुसऱ्या टोकाला व्हाइट लेगहॉर्नसारखी जात वर्षाला २८० ते ३०० अंडी देते, परंतु ती पिंजऱ्यात, मोजून दिलेल्या खाद्यावर. परसात सोडली तर टिकत नाही. या दोहोंच्या मधले पक्षी आपल्या कामाचे. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज आणि ग्रामप्रिया या त्यातल्या प्रमुख होत. अंड्यांसाठी ग्रामप्रिया अधिक बरी. गिरिराज व वनराज अंडी आणि मांस अशा दुहेरी उपयोगाच्या आहेत. मोकळ्या परसात, वरचे थोडे खाद्य मिळाल्यास, या सुधारित पक्ष्यांपासून वर्षाला सव्वाशे ते पावणेदोनशे अंड्यांची अपेक्षा ठेवावी. कडकनाथाचे नाव अलीकडे फार ऐकू येते. मध्य प्रदेशातील झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ती अंडी कमी देते, आणि तिच्या नावावर पैसे गुंतवावयास लावणाऱ्या योजनांपासून दूर राहावे.

पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे (खडकी), छत्रपती संभाजीनगर, नागपूर व कोल्हापूर येथे आहेत. नवख्या माणसाने एक दिवसाची पिले आणू नयेत. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते व ती दर आठवड्याला थोडी थोडी उतरवावी लागते. रात्री वीज गेली की पिले एकमेकांवर चढून गुदमरतात. चार ते सहा आठवड्यांची, पहिल्या लसी झालेली पिले थोडी महाग पडतात, पण तीच घ्यावीत.

अकलोलीला तानसा नदीचा काठ आहे आणि आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते नव्याने सांगावयास नको. कोंबडीला पावसापेक्षा ओल मारते. म्हणून खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, बांबूच्या वा लाकडी पट्ट्यांचे करावे. रात्रीच्या निवाऱ्यापुरती एका पक्ष्याला एक चौरस फूट जागा पुरते. पक्षी दिवसभर कोंडून ठेवावयाचे असल्यास दोन ते अडीच चौरस फूट हवी. खाली भाताचे तूस पसरावे, आठवड्यातून दोनदा खालीवर करावे, ओले झालेले काढून टाकावे. ओल्या तुसातून रक्ती हगवण पसरते व त्यात लहान पिले पटापट दगावतात. जाळी बारीक छिद्रांची असावी, कारण मुंगूस व साप मोठ्या छिद्रातून सहज शिरतात. कोपऱ्यात राखेचा एक खड्डा ठेवावा. त्यात कोंबड्या लोळतात आणि अंगावरच्या उवा कमी होतात. पाणी विहिरीचे किंवा नळाचे द्यावे. आपल्या गरम कुंडांचे पाणी माणसे अंगावर घेतात, पण ते क्षारयुक्त असल्याने कोंबड्यांच्या भांड्यात नको.

चरणाऱ्या कोंबडीला किडे, गवताचे कोंब, सांडलेले भात मिळते, पण त्यावर अंडे भरत नाही. बंदिस्त कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. मोकळ्या कोंबडीला त्याच्या निम्मे, म्हणजे ५०-६० ग्रॅम, संध्याकाळी आत घेताना द्यावे. कणी, कोंडा, मका आणि थोडी पेंड यांचे मिश्रण चालते. त्यात शिंपल्यांचा चुरा हवाच. चुना कमी पडला तर कवच पातळ होते, अंडी फुटतात आणि एकदा फुटलेल्या अंड्याची चव लागली की कोंबडी स्वतःचीच अंडी फोडू लागते. पावसाळ्यात बुरशी आलेली पेंड वा मका स्वस्त मिळाला तरी आणू नये. त्या बुरशीचे विष यकृतावर जाते. हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी घटतात, कारण कोंबडीचे अंडे घालणे प्रकाशावर अवलंबून असते. संध्याकाळी दिवा लावून दिवस-रात्र मिळून सोळा तास उजेड दिल्यास फरक पडतो.

सर्वात महत्त्वाचा भाग रोगाचा, आणि त्यातही मानमोडीचा. इंग्रजीत याला न्यूकॅसल म्हणतात, आपल्याकडे राणीखेत. मान पिळवटते, हिरवट हगवण होते, आणि चार दिवसांत गावातली खुराडी रिकामी होतात. औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचून घ्यावी लागते. देवीची लस वेगळी. अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी एकटा माणूस ती आणत नाही, मग कोणाच्याच कोंबड्यांना लस मिळत नाही. येथे आपली संस्था उपयोगी पडू शकते. आठ-दहा घरांनी एक तारीख ठरवावी, एका तरुणाने पशुवैद्यकीय दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणावी आणि संध्याकाळी पक्षी खुराड्यात बसले की घरोघर जाऊन ती द्यावी. सर्वांच्या कोंबड्या विहाराच्या अंगणात गोळा करू नयेत. तसे केल्याने एका घरचा रोग दहा घरी जातो.

बर्ड फ्लूचा उल्लेख करणे आवश्यक आहे. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तर आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे तो निघाला व परिसरातील हजारो पक्षी नष्ट करावे लागले. एकाएकी बरेच पक्षी मेले तर मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नये, खाऊ नये, विकू नये. दवाखान्यात ताबडतोब कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्याने तसे कळवणे मालकावर बंधनकारक आहे. शासन नुकसानभरपाई देते ती नष्ट केलेल्या जिवंत पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. त्यामुळे लपवण्यात धोका तर आहेच, तोटाही आहे. नीट उकडलेले वा शिजवलेले अंडे खाण्यास भय नाही.

आता विक्री. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. धुवू नयेत, कारण कवचावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते व जंतू आत शिरतात. मळ असल्यास कोरड्या फडक्याने पुसावा. निमुळते टोक खाली ठेवावे आणि उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत विकून टाकावीत. गिऱ्हाइकाला शंका आली तर त्याच्यासमोर अंडे पाण्यात सोडावे. ताजे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते, खराब झालेले तरंगते. पोल्ट्रीच्या अंड्यांचा भाव १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज शेकड्यावर जाहीर करते. गावठी अंड्याला त्याहून बराच जास्त दर मिळतो. मात्र सुधारित जातीचे तपकिरी अंडे "गावठी" म्हणून खपवू नये. "परसातले अंडे" म्हणावे. कुंडांवर शनिवार-रविवारी येणारे लोक, वज्रेश्वरी-गणेशपुरीची वर्दळ, अंबाडी नाका आणि भिवंडीतील यंत्रमाग कामगारांच्या खानावळी ही आपली गिऱ्हाइके. श्रावणात आणि नवरात्रात मागणी पडते, थंडीत चढते. रोजची पाच अंडी घेऊन भिवंडीस जाण्यात भाडेच जाईल, म्हणून चार-पाच घरांनी मिळून एकाने न्यावीत. महाराष्ट्रात शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, परंतु जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला. शासकीय मागणीच्या भरवशावर कोंबड्या वाढवू नयेत हे त्यावरून दिसते.

हिशेब नमुन्यादाखल मांडतो. दर आपापल्या बाजाराप्रमाणे बदलून घ्यावेत. बारा कोंबड्या, प्रत्येकी १५० अंडी, म्हणजे वर्षाला १८००. एका अंड्याला १० रुपये धरले तर १८,००० रुपये. रोज सुमारे ६६० ग्रॅम खाद्य, म्हणजे वर्षाला २४० किलो. किलोला ३५ रुपये धरल्यास ८,४०० रुपये. पिले १५ घ्यावीत, तीन दगावतील असे धरून. प्रत्येकी १२० प्रमाणे १,८०० रुपये. लस-औषधे ६०० रुपये. खर्च १०,८०० आणि शिल्लक ७,२०० रुपये. यात घरच्यांची मेहनत व खुराड्याचा खर्च धरलेला नाही. आणि घरातल्या मुलांनी वर्षात ४०० अंडी खाल्ली तर रोख शिल्लक ३,२०० वर येईल. लेखकाच्या मते ती खाऊ द्यावीत. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिने मिळतात, तीच विकून बिस्किटे आणण्यात शहाणपण नाही.

ही शिल्लक कशी वापरावी याचे उत्तर सिगालोवाद सुत्तात आहे. मिळकतीचे चार भाग करावे, एक उपभोगास, दोन व्यवसायात, एक संकटासाठी राखून ठेवावा, असे तेथे गृहस्थाला सांगितले आहे. ७,२०० चे चार भाग केले की प्रत्येकी १,८०० येतात. राखून ठेवलेला हा चौथा भाग बरोबर पंधरा पिलांच्या किमतीएवढा आहे. मानमोडी आली आणि खुराडे रिकामे झाले तर त्याच पैशांतून पुन्हा सुरुवात करता येईल, म्हणून तो पोस्टात वेगळ्या खात्यावर टाकावा. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी घरच्या कोंबड्यांची वही ठेवावी. त्यात तारीख, मिळालेली अंडी, विकलेली, खाल्लेली, आणलेले खाद्य आणि दिलेली लस एवढे सहा रकाने पुरेत. दोन महिन्यांत कोणती कोंबडी खाते आणि अंडी घालत नाही, ते पायात रंगीत दोरा बांधून त्यांनाच सांगता येईल.