शून्याच्या दोन भेटींमधलं अंतर

रेडिओची स्टेशनं बदलताना मधेच येणारी खरखर आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. कागदावर काढली तर ती शून्याची रेषा सारखी वर-खाली ओलांडणारी वेडीवाकडी रेघ दिसते. आम्हा इंजिनिअर मंडळींचा प्रश्न असा, की दोन ओलांडण्यांमध्ये वेळ किती जातो?

सरासरीचं गणित अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या एस. ओ. राइस यांनी १९४४-४५ मध्ये मांडलं. ० ते ३००० हर्ट्झ पट्ट्यातली, सर्वत्र सारख्या जोराची खरखर घेतली, तर सेकंदाला सुमारे ३४६४ ओलांडण्या होतात. पण कुठलं अंतर किती वेळा येईल, याचं सर्वांना लागू पडणारं सुटसुटीत सूत्र आजही हाती नाही.

मग हा खटाटोप कशाला? १९४८ मध्ये लिकलायडर आणि पोलॅक यांनी बोलण्यातले लहानमोठे चढउतार साफ छाटून टाकले. उरल्या त्या फक्त ओलांडण्यांच्या वेळा. तरी ऐकणाऱ्यांना शब्द कळत होते!

कॉलिंग कार्डाच्या दिवसांत फोनवर आवाज कितीही फाटला, तरी आईचं "जेवलास का?" आम्हाला बरोबर कळायचं. त्यात थोडा वाटा या शून्याचाही असणार.